काजळ्या बसतो

मेच्या दुपारी पुण्याहून केतकीबाईंचा फोन:
काजळ्या परत आणायचाय, पण आजचा वाटला पाहिजे.
बालपणात काहीतरी घाला ना, आग वगैरे.
मी कूलरच्या टाकीत बादली ओततो आहे,
एक हात ओला, दुसऱ्या हातात फोन.
बघतो, म्हणतो.

बेचाळीस अंक, दोन-दोन रुपयांचे.
जागल्या छपरावरून उडी घेतो,
कधी इतवारीच्या, कधी कॉटन मार्केटच्या,
आणि खाली काजळ्या असतोच,
लंगडत, काळा ठिक्कर,
कोणाची तरी पेटी काखेत.
मी मोजलं.
काजळ्या "हा हा हा" म्हणतो एकशे सहा वेळा,
"मेलो" अठ्ठावन्न वेळा,
आणि एकदाच, अंक सतरा, पान अकरा,
कोपऱ्यातल्या चौकटीत,
गोष्टीशी काही संबंध नसताना
एका कुत्र्याला पाव देतो.

गोळीबार चौकात हेडाऊंच्या मुलाचं फ्लेक्सचं दुकान.
वडलांचा काजळ्या त्याला चांगला आठवतो.
"एवढा काळा काऊन काढला?"
"रंगाले पैसे कुठं होते भाऊ! काळी शाई उरून राहे.
अन् लंगडा यासाठी, का बाबाले पाय जमतच नव्हते.
जागल्याचे बुटात लपवले.
याले बूट कोन देते?"

हसत निघालो.
गांधीबागेपर्यंत हसत होतो,
मग नव्हतो.
हजेरीत त्याचं नाव शालिक होतं.
पाचवी ते दहावी आम्ही त्याला काजळ्या म्हणायचो.
मी पण.
मीच आधी.

तीन रात्री तीन काजळ्या काढले.
एक प्लॉट विकणारा, पांढऱ्या बुटांतला.
एक क्लासवाला, पोरांची फी खाणारा.
एक नुसता अंधारात कीबोर्ड बडवणारा.
सकाळी पाहिलं तर तिन्ही बडगेच,
पाटी नवी, पेंढा तोच,
इडापिडा घेऊन जा म्हणत
पोळ्याच्या पाडव्याला चौकात नेऊन पेटवायला सोपे.

चौथ्या रात्री जागल्यानं त्याला नेहमीसारखा मारला
आणि पान संपलं.
मी पान उलटलं नाही, पुढं जोडलं.
पाहू या, मार खाऊन हा जातो कुठं.

तो तहसील ठाण्यात गेला.
पहाटेचे चार. हवालदार डुलक्या घेतोय.
"काऊन आला बे?"
"तक्रार लिहायची आहे. हात मोडला."
(हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.
फुगा मोठा काढावा लागला,
अक्षरांनी भिंतीवरचं घड्याळ झाकलं.)
"कोनं मोडला?"
"जागल्यानं."
पेन थांबतं. मागच्या भिंतीवर
जागल्याच्या सत्काराचा फोटो, हार वाळलेला.
"त्याचं खरं नाव?"
"ते तुम्ही शोधा. माझं लिहून घ्या."
हवालदार त्याच्या हाताकडे पाहतो,
मग पायानं स्टूल पुढं सरकवतो.
"बसा."

आणि मी अडलो.
बेचाळीस अंकांत काजळ्या कधी बसलाच नव्हता.
पळताना आहे, पडताना आहे, जिन्यावरून गडगडताना आहे,
पण त्याचा गुडघा कसा वाकतो
हे हेडाऊंना माहीत नव्हतं, मला तर नाहीच.
आरशासमोर खुर्ची ठेवून बसून पाहिलं.
माझा गुडघा काय, कुठंही वाकतो.

शालिकचा वाकत नसे.
शेवटच्या बाकावर तो उजवा पाय लांब करून बसायचा,
वाट अडते म्हणून सर खेकसायचे,
आम्ही मुद्दाम अडखळायचो.

तसाच काढला, सरळ, लांब.
चौकटीत मावेना.
रेघ ओलांडून पाऊल पुढच्या चौकटीत गेलं,
जिथं पेन्सिलीनं मी खूण करून ठेवली होती
जागल्याच्या उडीची.
खूण खोडली.
आता तो उतरेल कुठं, मला माहीत नाही.
केतकीबाईंचे दोन कॉल येऊन गेलेत.
मी पावलाला बोटं काढतो आहे,
एकेक, नखासकट.